बर्फावरची सावड



ज्या ठिकाणी धान्याचा एक दाणा पिकत नाही, अशा ठिकाणच्या माणसांची हकीकत आज सांगायची आहे. ठिकाण आहे उत्तर ध्रुवाभोवतीचा समुद्र. दक्षिण ध्रुवावर जमीन आहे आणि तिच्यावर बर्फ आहे. उत्तर ध्रुवावर जमीनच नाही. तिथे चार हजार मीटरहून अधिक खोल समुद्र आहे आणि त्याच्यावर गोठलेल्या पाण्याची साय धरलेली आहे. ही साय कुठे हातभर जाडीची, तर कुठे माणूस दोन माणूस उंचीची. ती एका जागी स्थिर नसते. वारा आणि पाण्याचा प्रवाह नेईल तिकडे वाहत जाते, फाटते, पुन्हा सांधते.

या वाहत्या बर्फावर सप्टेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२० असे एक वर्षाहून थोडे जास्त दिवस माणसे राहिली. एकदम सगळी नव्हे, तर पाळीपाळीने. एका वेळी बोटीवर साधारण शंभर. सगळ्या पाळ्या मिळून ४४२ जण. वीस देशांतल्या ऐंशीहून अधिक संस्थांनी मिळून हे काम उभे केले. मोहिमेचे नाव होते मोझेक. लांबलचक इंग्रजी नावातली आद्याक्षरे जुळवून ते केले आहे. पण आपल्याकडे घराला मोझेकची फरशी असते तीच गंमत इथेही आहे. रंगीत खड्यांचा एकेक तुकडा पाहिला तर काही कळत नाही, सगळे एकत्र बसले की नक्षी दिसते.

आपण विचाराल, या माणसांनी तिथे केले तरी काय? मी म्हणेन, सावड केली. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, आणि अर्धे काम टाकून कुणी उठायचे नाही, ही सावडीची रीत आपल्याला नवी नाही. तीच रीत या लोकांनी जगाच्या टोकाला, अंधारात आणि थंडीत पाळली. कशी पाळली, ते पाहू.

जुनी वाट

ही कल्पना आजची नाही. जीनेट नावाचे एक अमेरिकन जहाज १८८१ साली सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी त्याचे अवशेष पार दुसऱ्या टोकाला, ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागलेले सापडले. नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन यांनी त्यावरून ताडले की, बुडालेल्या जहाजाच्या फळ्या जर ध्रुवाकडून वाहत आल्या, तर तिकडे बर्फाला ओढ लावणारा प्रवाह असलाच पाहिजे. मग त्या प्रवाहाशी झगडायचे कशाला? त्याच्यावर बसूनच जावे!

त्यांनी फ्राम नावाचे गोल बुडाचे जहाज बांधून घेतले. फ्राम म्हणजे पुढे. बर्फाने दोन्ही बाजूंनी आवळले की जहाज चिरडण्याऐवजी वर उचलले जावे, अशी त्याची घडण होती. १८९३ साली तेरा माणसे त्यातून निघाली, बर्फात अडकून बसली आणि वाहत वाहत १८९६ साली जहाज सुखरूप बाहेर आले. नान्सेन यांचा तर्क खरा ठरला.

मोझेकने हीच वाट धरली. जर्मनीच्या ब्रेमरहाफेन शहरातल्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे पोलारस्टर्न हे बर्फ फोडत जाणारे जहाज २० सप्टेंबर २०१९ रोजी नॉर्वेतल्या ट्रॉम्सो बंदरातून निघाले. पोलारस्टर्न म्हणजे ध्रुवतारा. मोहिमेचे प्रमुख होते जर्मनीचे मार्कुस रेक्स आणि त्यांच्या जोडीला समन्वयक अमेरिकेचे मॅथ्यू शूप. दोघेही हवेचा, वातावरणाचा अभ्यास करणारे. जहाज सुटण्यापूर्वी जवळजवळ दहा वर्षे या कामाची जुळवाजुळव चालू होती. कोणता देश जहाज देणार, कोण इंधन देणार, कोण यंत्रे देणार आणि कोण माणसे, हे ठरवता ठरवता एक पिढीच्या पिढी कॉलेजातून बाहेर पडली म्हणा ना.

खळे कुठे घालायचे?

खळ्याची जागा निवडताना आपण काय पाहतो? जमीन घट्ट हवी, वारा लागायला हवा, पाणी साचता कामा नये. या लोकांनाही तसाच बर्फ शोधायचा होता. वर्षभर यंत्रांचा आणि माणसांचा भार पेलेल असा. त्या साली बर्फ पातळ होता. उपग्रहाची चित्रे पाहून, हेलिकॉप्टरने फिरून, प्रत्यक्ष उतरून भोके पाडून जाडी मोजून, शेवटी अडीच किलोमीटर रुंद आणि साडेतीन किलोमीटर लांब असा एक तुकडा त्यांनी निवडला. त्यातही एक भाग चांगला जाड आणि टणक होता. त्याला त्यांनी किल्ला असे नाव दिले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी ८५ अंश उत्तर अक्षांशावर जहाज त्या तुकड्याला बांधले गेले. मग बर्फ जहाजाला नेईल तिकडे जायचे.

जहाजाभोवती बर्फावर लहान लहान वस्त्या उठल्या. एक हवामानाची, एक समुद्राची, एक फुग्यांची. समुद्राच्या वस्तीत तंबूखाली बर्फाला मोठे भोक पाडून, तारेला बांधलेल्या बाटल्या खोल पाण्यात सोडत आणि ठरलेल्या खोलीवर त्या बंद करून वर ओढत. फुग्यांच्या वस्तीतून मोठा फुगा दोरीला बांधून आकाशात चढवत. आणखी एका वस्तीतून पाण्याखाली फिरणारे यंत्र बर्फाच्या खालच्या अंगाला पाठवत. वीज जहाजावरून तारांनी येई. रशियाच्या अकादेमिक फ्योदोरोव या जहाजाने आसपासच्या कित्येक किलोमीटर परिसरात आपोआप नोंद करणारी यंत्रे मांडून ठेवली होती. त्यांचे काम पुढे फार मोलाचे ठरले, ते ओघात येईलच.

कामाचे पाच गट होते. एक हवेचा, एक बर्फाचा, एक समुद्राचा, एक जिवंत सृष्टीचा आणि एक पाण्यातल्या व हवेतल्या रासायनिक देवघेवीचा. जिवंत सृष्टीच्या गटाची धुरा ॲलिसन फॉन्ग या बाईंकडे होती.

मातीच्या नमुन्याची गोष्ट

माझी नोकरी गावोगाव फिरण्याची. मातीचा नमुना कसा घ्यायचा, हे मी किती वेळा सांगितले असेल त्याला गणती नाही. शेतात नागमोडी फिरून ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती काढायची, सगळी एकत्र मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करत राहायचे. एकाने वरवरची माती खरवडून आणली आणि दुसऱ्याने उकिरड्याजवळची आणली, तर प्रयोगशाळेचे आकडे कितीही अचूक असोत, त्यांचा काडीचा उपयोग नाही. दूध संघातही तेच. प्रत्येक गावाने वेगळे माप वापरले तर हिशोब कसा जुळायचा?

बर्फावर हा प्रश्न दसपट अवघड होता. माणसे दर दोन-तीन महिन्यांनी बदलणार. एक गट जाणार, दुसरा येणार. एक जर्मन, एक अमेरिकन, एक रशियन, एक स्वीडिश. प्रत्येकाची शाळा वेगळी, हात वेगळा. तरी बर्फाचा गोल दांडा ज्या रीतीने ऑक्टोबरात काढला, त्याच रीतीने मार्चमध्ये आणि जुलैमध्ये काढायला हवा. तो कुठे कापायचा, किती तपमानात ठेवायचा, कुठली चिठ्ठी लावायची, हे सारे आधी ठरवून लिहून ठेवलेले होते. नवी तुकडी आली की जुनी लगेच निघत नसे. दोघे काही दिवस खांद्याला खांदा लावून काम करत. जाणारा येणाऱ्याला दाखवी, हे भोक इथे, ही तार अशी गुंडाळायची, या यंत्राची ही खोड आहे.

घरची सूनही अशीच तयार होते. सासूने चुलीपाशी उभे राहून दाखवलेले चार दिवस कुठल्याही पुस्तकात मिळत नाहीत.

आणि आणखी एक गोष्ट. गोळा झालेले आकडे कुणी एकाने आपल्या पेटीत कुलूप घालून ठेवायचे नाहीत, असेही आधीच ठरले होते. १ जानेवारी २०२३ पासून ते सगळ्या जगाला खुले झाले. मोहिमेला गेलेला असो वा नसो, अभ्यास करणाऱ्या कुणालाही ते पाहता येतात.

अंधारातली राखण

रात्री पाण्याची पाळी आली की हातात विजेरी घेऊन बांधावरून चालणे आपल्याला ठाऊक आहे. पण सकाळ होणार, हा भरवसा असतो. तिकडे हिवाळ्यात कित्येक महिने सूर्य उगवतच नाही. दुपारी बारा वाजताही रात्र. थंडी शून्याखाली ४० अंशांच्या आसपास गेली, आणि वारा सुटला की अंगाला ती त्याहून कितीतरी जास्त बोचे. हातमोजा काढून एखादा स्क्रू पिळायचा म्हटले तरी बोटे काही क्षणांत बधिर.

शिवाय पांढरी अस्वले. मोहिमेच्या काळात साठाहून अधिक वेळा अस्वले दिसली. म्हणून बर्फावर काम करणाऱ्या प्रत्येक टोळीबरोबर बंदूक घेतलेला राखणदार असे. हे राखणदार कुणी वेगळे शिपाई नव्हते. बरेचसे काम शास्त्रज्ञच पाळीपाळीने करत. आज ज्याने पाण्याचे नमुने काढले, तो उद्या दुसऱ्याच्या कामावर तासन् तास अंधारात डोळे लावून उभा. उद्देश अस्वल मारणे हा नव्हताच. ते लांबवर दिसले की आवाज करून हुसकायचे आणि सगळ्यांनी जहाजावर परतायचे. जनावर आपल्या घरी आहे, पाहुणे आपण आहोत, हे धोरण. या साऱ्या व्यवस्थेची आणि माणसांना आधी शिकवून तयार करण्याची जबाबदारी फेरेना मोहाउप्ट या बाई पाहत होत्या.

शास्त्रज्ञांची नावे कागदावर येतात. पण जहाज चालते ठेवणारे कप्तान, इंजिनवरचे लोक, स्वयंपाकी, डॉक्टर, वीजतंत्री, हेलिकॉप्टरचे वैमानिक यांच्यावाचून एकही आकडा मिळाला नसता. नोव्हेंबर २०१९ च्या मध्यावर मोठे वादळ झाले. बर्फाला भेगा पडल्या, वस्त्या एकमेकींपासून सरकल्या, विजेच्या तारा तुटल्या. तेव्हा आधी तारा ओढून जोडणारे हात लागले, मग शास्त्र.

हिवाळ्यात तिथवर दुसरे जहाज पोचवणे हेही कठीण काम. रशियाचे कापितान द्रानित्सिन हे बर्फफोडे जहाज डिसेंबरात नवी तुकडी घेऊन आले. फेब्रुवारी २०२० मध्ये ते पुन्हा आले, तेव्हा बर्फ इतका दाट होता की वाटेतच त्याचे पुष्कळ इंधन संपले. परतीला इंधन पुरावे म्हणून ॲडमिरल माकारोव हे आणखी एक रशियन जहाज त्याच्या वाटेवर पाठवावे लागले. एकाची गाडी चिखलात रुतली तर दुसऱ्याने बैल जुंपायचे, तसेच हे. त्याच फेब्रुवारीत, २४ तारखेला, पोलारस्टर्न वाहत वाहत ध्रुवापासून अवघ्या १५६ किलोमीटरवर आले होते. हिवाळ्यात इतक्या उत्तरेला त्यापूर्वी कोणतेही जहाज गेले नव्हते.

घरी जायचे दिवस आले, आणि वाट बंद झाली

आता खरी कसोटी सांगतो. फेब्रुवारीच्या शेवटी जी तिसरी तुकडी बर्फावर आली, तिला एप्रिलच्या सुमारास विमानाने परत न्यायचे ठरले होते. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरून विमाने येणार, नवी माणसे सोडणार, जुनी नेणार. पण मार्च २०२० उजाडला. करोना आला. देशांनी सरहद्दी मिटल्या. स्वालबार्डचा रस्ता बंद झाला.

तो उन्हाळा आपण विसरलेलो नाही. द्राक्षे वेलीवर, कलिंगडे रानात, आठवडे बाजार बंद, मुंबई-पुण्यातली मुले पायी गावाकडे निघालेली. त्याच दिवसांत शंभर माणसे जगाच्या टोकाला बर्फात होती. तिथे रोग नव्हता. पण घरी आईबाप, लेकरे कशी आहेत ही काळजी होती, आणि खुशाली कळायची ती उपग्रहामार्फत येणाऱ्या थोड्याफार निरोपांतून.

मोहीम गुंडाळावी काय, असा प्रश्न उभा राहिला. आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल, गुंडाळली असती तर काय बिघडले असते? बिघडले असते. वर्षभराच्या नोंदीत वसंत ऋतूचे पानच कोरे राहिले असते. शेतात पेरणीची नोंद आहे, कापणीची आहे, पण फुलोरा कधी आला हेच लिहिलेले नाही, तर त्या वहीवरून पिकाला काय झाले ते कसे सांगणार? आणि तो वसंत पुन्हा आणता येत नाही.

ती माणसे थांबली. ठरल्यापेक्षा सुमारे दोन महिने जास्त राहिली, आणि रोजचे मोजमाप चालू ठेवले. इकडे जर्मनीत पुढच्या तुकडीला ब्रेमरहाफेनच्या हॉटेलात दोन आठवड्यांहून अधिक काळ वेगळे ठेवले, पुन्हा पुन्हा तपासले. मग जर्मनीचीच झोन्ने आणि मारिया एस. मेरियन ही दोन संशोधन जहाजे, आपापली कामे बाजूला ठेवून, १८ मे रोजी माणसे आणि शिधा घेऊन निघाली. त्यांना आतल्या दाट बर्फात जाता येत नव्हते. म्हणून पोलारस्टर्ननेच १६ मे रोजी आपला बर्फ सोडला आणि स्वालबार्डजवळच्या खाडीत जूनच्या सुरुवातीला तिन्ही जहाजे भेटली. माणसे बदलली. १७ जूनला पोलारस्टर्न परत आपल्याच बर्फाच्या तुकड्यापाशी हजर.

मधला महिनाभर बर्फावर कुणी नव्हते. त्या दिवसांत मघाशी सांगितलेली आपोआप चालणारी यंत्रे नोंद करत राहिली. माणसाने हाताने घ्यायचे नमुने तेवढ्या काळात घेता आले नाहीत, ही उणीव राहिलीच. पण मालक गावाला गेला तरी घड्याळ चालू होते.

३० जुलै २०२० रोजी ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या पाण्यात तो बर्फाचा तुकडा अखेर फुटून गेला. त्याच्या आधीच वस्त्या आवरून सामान जहाजावर घेतले होते. घरी जायला हरकत नव्हती. परंतु पहिल्या साली ही मंडळी पोचली, तेव्हा बर्फ धरायला सुरुवात होऊन गेली होती. म्हणजे वहीत पेरणीचीच नोंद नव्हती. तेवढ्यासाठी जहाज पुन्हा उत्तरेला वळले, १९ ऑगस्टला प्रत्यक्ष उत्तर ध्रुवावरून गेले, दुसरा बर्फ शोधून तिथे महिनाभर थांबले, नवा बर्फ कसा धरतो ते नोंदले आणि मगच १२ ऑक्टोबर २०२० रोजी ब्रेमरहाफेनला परतले.

पदरात काय पडले?

हजाराहून अधिक बर्फाचे नमुने आणि आकड्यांचे डोंगर घेऊन ते आले. त्यावर अजून काम चालू आहे. दोन गोष्टी आपल्याला कळतील अशा सांगतो.

पहिली गोष्ट हिरव्या पानाची. पीक उन्हावर वाढते, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. सावलीतली ज्वारी पाहिली की पुरे. समुद्रातही डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती असतात, आणि त्या पाण्यातले गवतच समजा. त्यांच्यावर बारीक किडे, किड्यांवर मासे, माशांवर सील आणि सीलवर अस्वल. समजूत अशी होती की, वर बर्फ आणि त्यावर हिम असताना, सूर्य नुकता क्षितिजावर डोकावू लागलेला असताना, खाली काही वाढत नाही. पण मार्च २०२० च्या अखेरीस, लांब रात्र संपल्यावर थोड्याच दिवसांत, या वनस्पती वाढू लागल्याचे दिसले. तिथे पोचणारा उजेड भर उन्हाच्या साधारण एक लाखांश इतकाच होता. क्लारा होप्पे यांच्या नेतृत्वाखालचा हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी एकीकडे बर्फाखालचा उजेड मोजणारी यंत्रे आणि दुसरीकडे त्याच दिवसांतले पाण्याचे नमुने, अशा दोन्ही नोंदी लागत होत्या. मार्च-एप्रिलचे ते नमुने कुणी काढले? त्याच तिसऱ्या तुकडीने, जिची घरी जायची वाट बंद झाली होती.

दुसरी गोष्ट माशांची. ध्रुवाजवळच्या त्या खोल पाण्यात मोठा मासा सापडेल असे कुणाला वाटत नव्हते. खोल पाण्यात सोडलेल्या कॅमेऱ्याने आणि गळाने दाखवले की अटलांटिक कॉडसारखे मासे आणि माकूळ तिथेही आहेत. पण अगदी थोडे. स्वीडनच्या पाउलिने स्नुइज-लेयोनमाल्म यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने हे २०२२ साली मांडले. याचा व्यवहारात उपयोग आहे. त्या समुद्राच्या मध्यभागात १६ वर्षे व्यापारी मासेमारी करायची नाही, आधी अभ्यास करायचा, असा करार २०२१ पासून लागू झाला आहे. जाळे टाकण्याआधी मासा मोजायचा. बियाणे खाऊन संपवल्यावर हिशोब मांडण्यापेक्षा हे शहाणपणाचे.

या मोहिमेत आपला एक भारतीय तरुणही होता. केरळचे विष्णू नंदन, कॅनडातल्या विद्यापीठात काम करणारे. उपग्रहाला वरून बर्फाची जाडी बरोबर कळते का, की वरच्या भुसभुशीत हिमामुळे तो फसतो, हे पाहण्यासाठी घसरगाडीवर रडार बसवून बर्फावर फिरवण्याच्या कामात ते होते. आकाशातून मोजलेल्या आकड्याची जमिनीवर उतरून केलेली खातरजमाच ती. पूर्वी पीकपाहणीला तलाठी बांधावर येत असे, तसे.

आपला काय संबंध?

कुणी म्हणेल, तिकडचा बर्फ वितळो की गोठो, आमच्या विहिरीला पाणी येईल का? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला मोघम उत्तर देऊ नये.

उपग्रहांनी मोजायला सुरुवात केल्यापासून, म्हणजे १९७९ पासून, त्या समुद्रावरचा सप्टेंबर महिन्यातला बर्फ दर दहा वर्षांना साधारण १२ टक्के या गतीने आक्रसत आला आहे. तो प्रदेश जगाच्या सरासरीच्या तिप्पट-चौपट वेगाने तापतो आहे. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच, डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली निघाली होती. आज याच केंद्राकडे उत्तरेकडील स्वालबार्डवरचे हिमाद्री हे भारताचे ठाणे आहे. ते २००८ साली सुरू झाले. तिथल्या खाडीत २०१४ साली भारताने पाण्याखाली नोंद करणारी यंत्रेही सोडली. या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली असे मांडले की, कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी असला तर आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, धो धो पाऊस पडण्याशी त्याचा संबंध असू शकतो. सोयाबीन काढणीला आले आणि वरून पाणी कोसळले, हे दुःख मराठवाड्याला आणि विदर्भाला सांगायला नको.

मात्र "असू शकतो" हा शब्द नीट वाचा. पावसाचा गाडा अनेक बैल ओढतात. ध्रुवाचा बर्फ त्यातला एक असेल, तर तो किती ओढतो हे अजून ठरवायचे आहे. आणि ते ठरणार कशावरून? वर्षानुवर्षे, एकाच रीतीने, न चुकता घेतलेल्या नोंदींवरूनच. उद्याचा हवामानाचा अंदाज सुधारायचा असेल तर बर्फात बोटे बधिर करून घेणारी ही माणसे हवीत, आणि तसेच गावात रोज पाऊस मोजणारा माणूसही हवा.

आपल्या घरची वही

म्हणून जाता जाता एक काम सुचवतो. सरकारी पर्जन्यमापक मंडळाच्या ठिकाणी असतो. तिथे पडलेला पाऊस आणि आपल्या शिवारात पडलेला पाऊस यांत फरक पडतो, हे आपण पाहतोच. घरात सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा असेल तर तो झाडाच्या आणि घराच्या आडोशापासून दूर, उघड्यावर, वाऱ्याने कलंडणार नाही असा रोवून ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता शाळेच्या पट्टीने आतले पाणी किती मिलिमीटर आहे ते मोजा. पट्टीच्या टोकाला शून्याआधी कोरी जागा असेल तर तेवढी धरायला विसरू नका. आकडा वहीत लिहा, डबा रिकामा करा. पाऊस पडला नाही, तरी त्या दिवशी शून्य लिहा. शून्य ही नोंद आहे, कोरी जागा ही नोंद नव्हे.

हे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे किंवा मुलीकडे द्या. ती परीक्षेला किंवा मामाच्या गावाला गेली, तर कुणी मोजायचे ते आधी ठरवून ठेवा, आणि जाणाऱ्याने येणाऱ्याला एकदा करून दाखवावे. चार शेजाऱ्यांनी मिळून चार ठिकाणी डबे ठेवले तर आणखी चांगले. वर्षाच्या शेवटी चारही वह्या एकत्र मांडून बसा. कुठल्या बांधावर किती पाऊस पडला, पेरणीनंतर किती दिवसांची उघडीप पडली आणि काढणीच्या वेळी किती कोसळला, हे आपले आपल्याला दिसेल. पुढच्या सालचे वाण निवडताना आणि पेरणीचा दिवस ठरवताना ते कामाला येईल.

डबा आजच शोधून ठेवा. मृगाचा पहिला पाऊस आला की पहिले पान लिहायचे आहे.